व्हिनेगरचा वास आणि धयकाल्याची कॅसेट

मंडळी, रस्ते, पाणी, पर्यटन, बंदरातले ट्रॉलर यांवर आपण इथे रोजच भांडतो. आज विषय वेगळा आहे: कपाटाच्या वरच्या खणात, माळ्यावरच्या ट्रंकेत, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या जुन्या कॅसेटींचा. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण येता पावसाळा सुरू व्हायच्या आत वाचा.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. साधारण त्याच सुमाराला आपल्या वाड्यावाड्यांत टेपरेकॉर्डर शिरला. कोणाचा भाऊ आखातातून टू-इन-वन घेऊन आला, कोणाचा चाकरमानी काका गणपतीला मुंबईहून घेऊन आला. फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली १९६३ साली, पण आपल्याकडे ती खरी खेळली ती ऐंशीच्या दशकात. लोकांनी काय भरून ठेवलं? भजनांची बारी, गणपतीच्या आरत्या, लग्नातली गाणी, आजीचा आवाज, आणि जत्रेतला दशावतार. रंगमंचाच्या कडेला, पेटीवाल्याच्या पायाशी टेप ठेवायचा आणि लाल बटण दाबायचं. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागते. नाटक तर रात्रभर चालणार. त्यामुळे नेमका राजाचा आवाज चढलेला असताना खट्ट होऊन बाजू संपायची.

आता मुद्दा असा, की दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि मग नट रंगमंचावर उभा राहून संवाद स्वतः रचतो. समोरचा त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो. आज वालावलला जे बोलला ते उद्या नेरूरला बोलेलच असं नाही. संगीत नाटकाची पुस्तकं छापली गेली, 'वस्त्रहरण'सारखं १९८० साली रंगमंचावर आलेलं मालवणी नाटकही लिहिलेलं आहे. मच्छिंद्र कांबळींचं रेकॉर्डिंग उद्या नाहीसं झालं तरी गंगाराम गवाणकरांचे शब्द हातात राहतील. धयकाल्याचं तसं नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या राजापार्टी नटाने त्या रात्री केलेला युक्तिवाद जर कुठे असेल, तर तो त्या साडेतीन-चार मिलिमीटर रुंदीच्या तपकिरी पट्टीवर आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

आणि ती पट्टी आपल्याच हवेत सडतेय.

हे फक्त गावाकडच्या लोकांच्या हेळसांडीचं प्रकरण आहे असं समजू नका. देशात सिनेमाचं काय झालं ते बघा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. तिथून बोलपट येईपर्यंत आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले आज हाताशी आहेत तीसेक, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. बाबूराव पेंटरांचा कोल्हापुरात निघालेला 'सावकारी पाश' गेला. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) गेला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं तेच १९६४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे फाळक्यांनंतर अर्ध्या शतकाने. पुढच्या वर्षी तिथे पी. के. नायर नावाचा माणूस रुजू झाला. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने डबे गोळा करायचं एकच काम केलं. 'कालिया मर्दन' आज बघायला मिळतो तो नायरांनी फाळके कुटुंबाकडून तुकडे मिळवून जुळवले म्हणून. 'आलम आरा'ची रिळं चांदी काढण्यासाठी निकालात निघाल्याचं इराणींच्या घरूनच कळलं, असं ते सांगत. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. भंगारवाल्याला त्यातली चांदी दिसायची आणि उरलेल्या पारदर्शक पट्टीचा काहीतरी दुसरा उपयोग करता यायचा.

जुनी फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली. जागा प्रभात फिल्म कंपनीची, जिथे 'संत तुकाराम' घडला तीच. सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळं जळाली. ज्यांची सेफ्टी फिल्मवर प्रत आधी काढून ठेवलेली होती ते प्रतीच्या रूपात उरले, पण मूळ ते मूळच.

आग दिसते, तिची बातमी होते. ओल दिसत नाही.

नायट्रेट धोक्याची म्हणून 'सेफ्टी' फिल्म आली, सेल्युलोज ट्रायअॅसिटेटची. १९४८ पासून कोडॅकने ती विकायला काढली आणि पुढच्या काही वर्षांत नायट्रेट बंद केली. आता फिल्म सुरक्षित झाली असं सगळ्या जगाला वाटलं. दहा वर्षं व्हायच्या आत कोडॅककडे पहिली तक्रार गेली, की ही फिल्म कुजतेय. कोणी केली असेल? भारत सरकारने. उष्ण आणि दमट जागेत ठेवलेल्या फिल्मी आक्रसल्या होत्या, वाकड्या झाल्या होत्या आणि त्यांना आंबट वास येत होता. म्हणजे या रोगाची जगातली पहिली नोंद आपल्या देशातली, आणि कारण आपली हवा. या रोगाला पुढे नाव पडलं 'व्हिनेगर सिंड्रोम'. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत माडीचं व्हिनेगर होतं, त्यातलं जे आम्ल तेच इथेही. फिल्ममधून अॅसेटिक अॅसिड सुटतं, ते डब्यात कोंडतं आणि तेच आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने खातं. सुरुवात हळू होते, पण एका टप्प्यानंतर घसरण थांबत नाही. एक डबा आंबला की शेजारचे डबेही धोक्यात. म्हणून संग्रहालयात डब्यात निळी कागदी पट्टी ठेवतात. आम्ल असेल तर ती हिरवी होते, जास्त असेल तर पिवळी.

यावर सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने केला. त्यांच्या हिशोबाने नवी कोरी अॅसिटेट फिल्म २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली, तर साधारण चाळीस वर्षांनी तिला वास येऊ लागतो. थंडी वाढवा, आर्द्रता कमी करा, की आयुष्य शेकड्यांत जातं. आता हे आकडे घेऊन जरा मालवणच्या मेढ्यात किंवा देवबागात उभे राहा. २१ अंश आपल्याकडे थंडीतल्या पहाटेला होतं, तेही काही दिवस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के. चपलांना, कातडी पट्ट्याला, लग्नाच्या अल्बमला बुरशी धरते ते आपण दरवर्षी बघतो. टेप त्यातून कशी सुटेल?

टेप म्हणजे नक्की काय, हे कळलं की तिचा आजारही कळतो. १९२८ साली फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या जर्मन माणसाने कागदाच्या पट्टीवर लोखंडी भुकटी चिकटवून आवाज भरण्याचं पेटंट घेतलं. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एईजी कंपनीने 'मॅग्नेटोफोन' मांडला. पुढे कागद जाऊन अॅसिटेट आलं, मग पॉलिएस्टर. पण रचना तीच: खाली प्लॅस्टिकची पट्टी, वर लोहचुंबकीय कण आणि ते पट्टीला धरून ठेवणारा एक चिकट थर. लोकांना वाटतं, जुन्या टेपमधलं चुंबकत्व उडून जातं. तसं फारसं होत नाही. आवाज तिथेच असतो, सुटतो तो चिकट थर. सत्तर-ऐंशीच्या दशकात स्टुडिओंनी वापरलेल्या बऱ्याच रिळांतला हा थर हवेतलं पाणी पितो, मऊ पडतो आणि टेप चालवली की यंत्राच्या हेडवर तपकिरी चिकटा सोडतो. तो तपकिरी चिकटा म्हणजेच तुमचं रेकॉर्डिंग. अशी रिळं पन्नासेक अंशांवर आठ-दहा तास भाजून काढतात. मग ती काही आठवडे धड चालतात आणि तेवढ्यात उतरवून घ्यायची. हा प्रयोग घरच्या ओव्हनमध्ये कोणी करू नका, हे हात जोडून सांगतो.

आपल्या घरातल्या साध्या कॅसेटींना हा चिकट्याचा त्रास कमी होतो. त्यांचे आजार साधे आहेत. एक म्हणजे बुरशी. कॅसेटच्या काचेतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड किंवा जाळी दिसली की समजायचं. दुसरा, आतल्या तांब्याच्या पट्टीवरची फेल्टची गादी. ती गोंदाने चिकटवलेली असते, गोंद सुकतो, गादी गळून पडते आणि आवाज घुसमटल्यासारखा येतो. लोक म्हणतात, "ही आता वाजूची नाय," आणि फेकतात. खरं तर टेप ठणठणीत असते. स्क्रूवाल्या नव्या खोक्यात ती बदलून घातली की वाजते. तिसरा म्हणजे खारी हवा. तिने प्लेयरचे स्क्रू, स्प्रिंगा, मोटरचे आस गंजतात, आणि गंजलेलं यंत्र चांगली कॅसेटही खातं.

एक गंमत सांगतो. वर्षानुवर्षं न उलगडलेली टेप असेल तर एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतं. ऐकताना नट बोलायच्या आधीच त्याचं वाक्य लांबून आल्यासारखं ऐकू येतं, मग खरं वाक्य येतं. दशावतारात संकासुराची आरोळी अशी दोनदा ऐकायला मिळाली तर घाबरू नका. टेप नुसती बराच काळ पडून आहे.

आवाज हातून जातो तेव्हा काय उरतं, याचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या मुक्तीसाठी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झालं ते आंबोलीच्या जंगलात. नंतर ते कॅसलरॉकला हललं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी डिसेंबर १९६१ पर्यंत कोंकणी आणि पोर्तुगीजमधून बोलून पोर्तुगीज सरकारला जेरीला आणलं. गोवा मुक्त झाल्यावर विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी सांगणारेही हेच दोघे. सहा वर्षं रोज बोललेले शब्द आहेत ते. आपण त्याबद्दल वाचतो, कौतुक करतो. ऐकत मात्र नाही.

दुसरा शत्रू पाऊस नव्हे, काटकसर. टेप महाग होती, म्हणून आकाशवाणी-दूरदर्शनमध्ये ती पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. बीबीसीने तेच केलं. फार कशाला, चंद्रावर माणूस उतरला त्या अपोलो ११ मोहिमेच्या मूळ डेटा-टेपा नासाने पुसून पुन्हा वापरल्या, हे त्यांनीच २००९ मध्ये जाहीर केलं. मग आपल्या वाडीत कोणी वडिलांच्या भजनावर 'मैंने प्यार किया'ची गाणी भरली असतील, तर त्याला एकट्याला काय बोलायचं?

आता यंत्रांकडे या. टेप उरली आणि यंत्र नसेल तर ती नुसती पट्टी. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. त्याच वर्षी सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी बंद केल्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने बरीच वर्षं आधी इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत टेपवरचं उतरवून घेतलं नाही तर बहुतेक ते कायमचं गेलं. पुढे युनेस्कोनेही जगभरच्या ध्वनिसंग्रहांसोबत हाच इशारा दिला. तुमच्या बाजारपेठेत व्हीसीआर दुरुस्त करणारा माणूस उरलाय का, एकदा विचारून बघा. असला तरी हेड आणि बेल्ट कुठून आणणार?

मग करायचं काय? 'जिल्ह्यात वातानुकूलित संग्रहालय हवं' असं निवेदन देणं सोपं आहे. मी त्याच्या बाजूचा नाही, आणि कारण सांगतो. टेप नीट ठेवायची तर वर्षभर, दिवसरात्र वीस अंशांच्या खाली आणि तीस-चाळीस टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते. रंगीत फिल्मला तर जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत थंडी लागते, नाहीतर रंग उडून सिनेमा गुलाबी पडतो. मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ आठवा. मालवणात किती दिवस वीज नव्हती? थंड खोलीची वीज गेली आणि बाहेरची दमट हवा आत शिरली, की थंडगार डब्यांवर पाणी सुटतं. म्हणजे खोली नसती तर बरं होतं, अशी गत. अशी खोली बांधण्यापेक्षा चालवण्याचा खर्च मोठा, आणि चालवण्याचा खर्च आपल्याकडे उद्घाटनाच्या फोटोनंतर कोणाला आठवत नाही.

त्यापेक्षा दुसरा मार्ग आहे, आणि तो मराठीतच एकदा चांगला पार पडलाय. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यांतल्या हजारो ओव्यांचं नीट ध्वनिमुद्रण केलं. ते ध्वनिमुद्रण गावात नाही ठेवलं. गुरुग्रामच्या एथ्नोम्युझिकॉलॉजी संग्रहासारख्या, हेच काम जाणणाऱ्या संस्थेकडे दिलं. ही संस्थाही मूळ पुण्यातलीच, १९८२ ची. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या बायांचा आवाज कोणीही ऐकू शकतं, गावाचं आणि बाईचं नाव वाचू शकतं. मूळ टेप जिथे जपता येते तिथे, आणि प्रत आपल्याजवळ.

सिंधुदुर्गात प्रत ठेवायला जागा आहेत. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय, मालवणचं नगर वाचन मंदिर ही शंभरी ओलांडलेली ठिकाणं आहेत. वाळवी आणि ओल यांच्याशी पुस्तकांसाठी झुंजणं त्यांना नवं नाही. त्यांना लागेल एक चांगला कॅसेट डेक, एक ऑडिओ इंटरफेस, एक संगणक आणि महिन्यातून चार दिवस बसणारा एक माणूस. जिल्हा नियोजनाच्या पैशात ही रक्कम दिसणारही नाही. उतरवताना एमपीथ्री नको, वेव्ह फाइल हवी, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची. जगभरचे ध्वनिसंग्रह हेच प्रमाण धरतात. एकाच हार्डडिस्कवर विसंबून राहायचं नाही. दोन प्रती, दोन गावांत, एक समुद्रापासून लांब. डिजिटल झालं म्हणजे सुटलो असंही नाही: मोठमोठ्या संस्था आज डिजिटल फाइली दीर्घकाळ जपायला पुन्हा चुंबकीय टेपच वापरतात, आणि दर काही वर्षांनी ती नव्या टेपवर उतरवत राहतात.

हक्कांचं आधीच बोलून घ्या. जत्रेत कोणी टेप धरला म्हणून त्या नाटकाचा मालक तो होत नाही. आवाज नटाचा, खेळ मंडळाचा. मंडळाला आणि नटाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय यूट्यूबवर चढवणं बरं नव्हे, चॅनेल कितीही चालत असलं तरी.

घरी तोवर काय करता येईल तेही सांगतो. बुरशी दिसतेय ती कॅसेट अजिबात वाजवू नका. ती यंत्रात पसरते आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागते. ती वेगळी काढून कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर आतली ओल आतच राहते. फ्रिजमध्ये तर नकोच. कौलांखालच्या माळ्यावरून आणि पावसाच्या झडीच्या भिंतीवरून हलवा. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर थोड्या दिवसांनी त्या वाळवून परत. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. स्पीकरच्या डोक्यावर ठेवू नका, त्यात मोठं लोहचुंबक असतं. मागचे दोन कान मोडले नसतील तर मोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. आणि उतरवून झाली तरी मूळ टाकू नका.

या कामाचे दिवसही ठरलेले आहेत. पाऊस जाऊन हवा कोरडी होते ती देवदिवाळीच्या सुमारास, आणि फेब्रुवारीपर्यंत ती बऱ्यापैकी तशी राहते. टेप उघडायची, साफ करायची, वाजवायची ती याच अडीच-तीन महिन्यांत. नेमके तेच जत्रांचे दिवस, म्हणजे मंडळांची माणसं रात्री गावोगाव भेटणार. त्यांना भेटणं जास्त गरजेचं आहे, कारण बहुतेक कॅसेटींवर 'नाटक – भाग २' एवढंच लिहिलेलं असतं. कुठलं मंडळ, कुठली जत्रा, राजा कोण, स्त्रीपार्टी कोणाची, पखवाजावर हात कोणाचा, हे नुसता आवाज ऐकून सांगणारी माणसं अजून आहेत. बहुतेकजण सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्यासमोर टेप लावायची आणि शेजारी वही घेऊन बसायचं.